सईची पानं



‘बलुतं’ आपल्या चळवळीत सगळ्यांनी वाचलेलं आहे. निदान सगळे तसं सांगतात. भाषणात दया पवारांचं नाव घेतलं की टाळी ठरलेली. गावकुसाबाहेरची वस्ती, मेलेल्या ढोराचं मटण, मुंबईच्या कावाखान्यातली खुराडी, कागद-चिंध्या वेचणाऱ्या आया, एवढं सांगितलं की वक्त्याचं काम भागतं. गेलं वर्षभर मी आपल्या पोरांना एकच प्रश्न विचारत आलोय. सई कोण? बहुतेकांना सांगता येत नाही. एक जण म्हणाला, सिनेमातली का?

सई ही दगडूची पहिली बायको. दगडूनं तिच्यावर संशय घेतला आणि तिला सोडून दिलं. हे कुणा विरोधकानं शोधून काढलेलं नाही. दया पवारांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, १९७८ सालापासून ते छापील आहे, आणि तेव्हापासून आपण ती पानं उलटून पुढं जातोय. हे संपादकीय त्या पानांबद्दल आहे.

आधी एक जुना वाद उरकून टाकू. ‘बलुतं’ आत्मचरित्र की कादंबरी? एका तालुक्याच्या वाचनालयात मी हे पुस्तक कादंबऱ्यांच्या कपाटात बघितलं. आमचा एक मित्र तिथंच भडकला. आमचं जगणं तुम्हाला कल्पित वाटतं का, म्हणून भांडायला उठला. त्याचा राग खोटा नाही. ग्रंथालीनं पुस्तक काढलं तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला होता, आणि हादरता हादरता त्याला मजाही येत होती. ‘कादंबरीसारखं वाचवतं हो!’ ही त्याची मोठी पावती. म्हणजे आमची भूक याच्या रविवार दुपारची करमणूक. वाचून झालं, डोळे पुसले, चहा घेतला.

पण त्या वाचनालयातल्या माणसाचं अर्धं बरोबर होतं असं मला वाटतं. ‘बलुतं’ची बांधणी आठवा. या पुस्तकात दोन माणसं आहेत. एक दगडू मारुती पवार, दुसरा दया पवार. दगडू आपली हकिगत दयाला सांगतो. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसवली आहेत. दया शिकलेला, नोकरीवाला, कविता करणारा, सभेत खुर्चीवर बसणारा. दगडू म्हणजे महारवाड्यातला पोरगा, जो कुठंच गेलेला नाही. ही कादंबरीकाराची करामत आहे आणि पुस्तकाचा खरेपणा तिच्यातूनच येतो. एकट्या दयानं लिहिलं असतं तर दयाला सोयीचं तेवढंच लिहिलं असतं. दगडूला बोलू दिलं म्हणून सई पुस्तकात आली.

आता आपल्याकडे बघा. शहरात आलो, वसतिगृहात राहिलो, डिग्री झाली, कुणी बँकेत, कुणी प्राध्यापक, कुणी वकील. आपण सगळे दया झालो. आपला दगडू कुठाय? तो बोलत नाही. त्याला बोलू द्यायला आपण घाबरतो, कारण तो सवर्णांनी काय केलं तेवढंच सांगून थांबेल याची खात्री नाही.

मी ‘बलुतं’ पहिल्यांदा नागपूरला वाचलं. कॉलेजात होतो. कावाखान्याची पानं वाचताना अभिमान वाटला, हे विचित्र वाटेल पण खरं आहे. गरिबीचा अभिमान नव्हे. आपल्याबद्दल कुणीतरी इतकं सरळ लिहू शकतं याचा. मग सई आली. पुस्तक मिटलं आणि खाली जाऊन चहाच्या टपरीवर उभा राहिलो. या माणसाचा मला राग आला. त्याच्यावर माझा जीव बसला होता म्हणूनच आला. चार दिवसांनी पुस्तक पुन्हा उघडलं. मराठीत कितीतरी नायक आहेत. इतका जवळचा आणि इतका संतापजनक माणूस मला दुसरा भेटला नव्हता.

पण एकट्यानं खोलीत वाचणं वेगळं. हे पुस्तक चार लोकांत वाचलं की काय होतं ते मला नाकाडोंगरीत कळलं.

नाकाडोंगरी भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. आजूबाजूला जंगल आणि मँगनीजच्या खाणी. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही नावं तुम्ही ऐकली असतील. नसतील ऐकली तर टॉर्चचा जुना सेल फोडून बघा. आतली काळी भुकटी मँगनीज डायऑक्साइडची असते, आणि डोंगरी बुजुर्गची खाण त्यासाठीच प्रसिद्ध आहे. देशाचा उजेड इथनं जातो, असं तिथला एक म्हातारा खाणकामगार हसून म्हणाला. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान, आणि बाकीचे दिवस विडी. विडीचं काम आता पहिल्यासारखं राहिलं नाही, तरी बायांच्या मांडीवरचं सूप अजून गेलेलं नाही. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. हजारावर मजुरी. त्यातही छाट निघते ती वेगळीच.

तिथल्या वस्तीत विहाराच्या ओसरीवर आम्ही पाच संध्याकाळी ‘बलुतं’ मोठ्यानं वाचलं. वाचायला बारावीतली एक पोरगी आणि मी, आलटून पालटून. ऐकायला दहा-बारा बाया, काही म्हातारे, दाराशी उभी पोरं. बायांचे हात विडीवर, कान पुस्तकाकडं.

मला लगेच हवाना आठवलं. क्यूबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ सालापासून कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवायची रीत सुरू झाली. कामगार तंबाखू वळायचे, उंच जागी बसलेला वाचक वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचायचा. त्याची मजुरी कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे, म्हणून काय वाचायचं तेही तेच ठरवायचे. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सरकारनं या वाचनावर बंदी घातली. तंबाखूचे हात आणि मोकळे कान हा एकत्र आलेला ऐवज सत्तेला का भिववतो, ते ओसरीवर बसल्यावर कळतं.

पहिल्या संध्याकाळी अडचण आली ती शब्दांची. येसकर म्हणजे काय? तराळ म्हणजे काय? बलुतं म्हणजे तरी काय? अकोल्याकडचं, नगर जिल्ह्यातलं गाव आणि भंडाऱ्याचं गाव एक नाही. तिकडं महारवतन, बावन हक्कांची बढाई, गावकीची कामं आणि त्याबदली भाकरतुकडा. इकडं मालगुजारी. गावाचा मालक मालगुजार, तलाव त्याचा, रान त्याचं, आणि आपला माणूस कोतवाल. आपल्या कितीतरी घरांत माग होते, जाडंभरडं कापड विणून बाजारात विकायचे. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. तलाव अजून ‘मामा तलाव’ म्हणूनच ओळखले जातात, माजी मालगुजारी तलाव. मी येसकराचा अर्थ सांगायला लागलो तर एक म्हातारा म्हणाला, “कोतवाल सांग ना बावा, सीधं.” झालं. पुढं वाचन सुरळीत चाललं. दगडूच्या बापाची दारू समजावून सांगायची गरज पडली नाही. दगडूच्या आईची तर मुळीच नाही.

याच जिल्ह्यात १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब उभे होते आणि काँग्रेसच्या उमेदवाराकडून पडले. त्या प्रचाराच्या गोष्टी वस्तीतले म्हातारे आपल्या बापाकडून ऐकलेल्या सांगतात. कोण किती कोस चालत सभेला गेलं, कुणाच्या मालकानं काय धमकी दिली. मी विचारलं, हे कुणी लिहून ठेवलंय का? सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू ते काम माझंच होतं.

चौथ्या संध्याकाळी सई आली.

वाचत होती ती बारावीतली पोरगी. संशयाच्या ठिकाणी आली आणि तिचा आवाज बारीक झाला. कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, “मोठ्यानं वाच वो माय.” पोरीनं मोठ्यानं वाचलं. विड्या वळणारे हात थांबले नाहीत, पण कुणी कुणाकडं बघत नव्हतं. वाचून झालं. मग त्या आजीनं मलाच विचारलं.

“मंग सईचं का झालं?”

पुस्तकात जेवढं आहे तेवढं मी सांगितलं.

“थ्याले लाज वाटली का?”

म्हटलं, वाटली आजी. म्हणून तर लिहिलं.

“थ्यानं लिवलं. तिले कोन इचारलं?”

मित्रहो, मराठीत ‘बलुतं’वर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी त्यातलं बरंचसं वाचलंय. या एका प्रश्नापुढं मला ते थिटं वाटतं. दया पवारांचा मोठेपणा आजीनं नाकारला नाही. लिवलं, हे तिनं मान्य केलं. पण लिहिणारा पुरुष आपली लाज लिहून मोकळा होतो, त्याला पुरस्कार मिळतात, पद्मश्री मिळते, पुस्तक इंग्रजीत जातं, आणि सई तिथंच राहते. त्या पुस्तकात तिला शब्द मिळाला तो तिला सोडणाऱ्याच्या तोंडून.

ओसरीवर नवऱ्यानं सोडलेल्या दोन बाया होत्या, हे मला नंतर कळलं. त्यातल्या एकीनं त्या रात्री काही न बोलता विड्यांचे कट्टे मोजले, सूप उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

विहार समितीतल्या एका बुजुर्गांना हे वाचन पटलं नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाबू, बाबासाहेबाचं वाचा. हे कशाले वाचता बायांसमोर?” माणूस प्रामाणिक आहे, वस्तीसाठी राबलेला आहे, त्यांची टिंगल मी करणार नाही. पण बाबासाहेबांचंच बोलायचं तर बोलू. १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडवलं हे मोठं कारण होतं. त्या बिलात काय होतं? बाईला घटस्फोट, बाईला पोटगी, पोरीला वारसा. म्हणजे सईचाच प्रश्न. पुढं ते बिल तुकड्या-तुकड्यांनी झालं. १९५५ चा विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी आपल्या वस्त्यांत आजही चार पुरुष ओट्यावर बसून काडीमोड ठरवतात, आणि बाई पोराला काखेत मारून माहेरची गाडी पकडते. त्या ओट्यावर निळा झेंडा असतो. ही गोष्ट लिहिली की आपल्यातले काही म्हणतील, शत्रूच्या हातात कोलीत देताय.

हे मी फार ऐकलंय. ‘बलुतं’ आलं तेव्हाही हेच ऐकू आलं होतं. आपल्यातली शिकलेली, क्वार्टरमध्ये राहायला गेलेली मंडळी दया पवारांवर चिडली. घरातला उकिरडा चव्हाट्यावर कशाला? आता कुठं लोक आपल्याला माणसात धरायला लागले होते! त्यावेळी आपण तरुण पोरांनी या मंडळींची चांगली हजेरी घेतली होती. पांढरपेशे झालात, म्हणालो. लाज वाटते का आईबापाची, म्हणालो. ते बोलणं ढोराच्या मटणापुरतंच होतं का? भुकेची लाज बाळगू नका हे सांगणं सोपं आहे, कारण भूक दुसऱ्यानं लादलेली. सईला मात्र आपण सोडलेलं आहे.

शत्रूला कोलीत आपल्या पुस्तकांतून लागत नाही. त्याच्याकडं त्याचं स्वतःचं असतं. याच भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन, सुधीर. आई आणि तिची तीन लेकरं गावानं मिळून मारली. सुरेखाबाई शेती टिकवत होत्या, लेकरं शिकवत होत्या, मारहाणीच्या प्रकरणात साक्षीला उभ्या राहिल्या होत्या. आणि सुरुवातीला बातमी काय पसरली? अनैतिक संबंध. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर संशय टाकला की खून अर्धा धुतला जातो, हे त्या बातम्या पसरवणाऱ्यांना ठाऊक होतं. नोव्हेंबरात आपली पोरं रस्त्यावर आली तेव्हा कुठं देशाला खरं काय ते कळायला लागलं. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं शिक्षा दिल्या, २०१० ला हायकोर्टानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षं केली, आणि हे जातीचं हत्याकांड आहे ही गोष्ट ॲट्रॉसिटी कायद्याखाली शेवटपर्यंत लागली नाही.

दगडूचा संशय आणि खैरलांजीचा संशय एक आहे असं म्हणण्याइतका मी मूर्ख नाही. एका माणसानं बायको सोडली, दुसरीकडं गावानं अख्खं घर संपवलं. त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि जातीचा फरक तर आहेच. पण वापरलेलं हत्यार ओळखीचं आहे. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं की तिचं काही ऐकायचं नाही, हा नियम गाव पाळतं आणि आपलं घरही पाळतं. गावाविरुद्ध आपण मोर्चा काढला. घरात हाच नियम चालला की आपण म्हणतो, हा घरगुती मामला.

ज्यांना वाटतं की बायांनी लिहिलं की सगळं जमलं, त्यांच्यासाठी बेबी कांबळे यांची हकिगत. फलटणला छोटं किराणा दुकान. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या, आणि घरच्यांच्या नकळत लिहायच्या. लिहिलेलं जवळपास वीस वर्षं लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं ते १९८६ साली. त्यात सवर्णांचा जुलूम आहे, आणि महारवाड्यातल्या घरात सुनेच्या पायात अडकवलेला लाकडाचा खोडाही आहे, कापलेलं नाकही आहे. त्याच सुमाराला शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आलं. पुढं २००३ ला ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’. नागपूरच्या कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ तर या सगळ्यांच्या आधीचं, १९८१ चं, आणि आपल्या विदर्भातलं. आता आपल्या अभ्यासवर्गांच्या याद्या काढून बघा. यातली किती नावं आहेत? मी आमच्या चार शाखांच्या याद्या तपासल्या. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ सगळीकडं. बायांपैकी एका यादीत एक नाव, तेही आठ मार्चच्या कार्यक्रमापुरतं.

बेबीताईंनी वीस वर्षं वही लपवली ती बामणापासून नव्हे. तो त्या वेळी त्यांच्या घरी येत नव्हता.

कुणी म्हणेल, संपादक, तुम्ही दया पवारांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. उलट आहे. १९९६ साली गेलेल्या त्या माणसानं जे केलं ते करायची आपल्या पिढीत कुणाची छाती आहे का, तेवढं मला दाखवा. आत्मचरित्रं आता ढिगानं येतात. साहेब झालेल्या माणसाची गरिबीपासून बंगल्यापर्यंतची चढण त्यात असते. शेवटी सत्काराचा फोटो. बायको ‘सावलीसारखी पाठीशी उभी राहिली’ एवढ्या एका ओळीत संपते. दगडू कुठंच भेटत नाही. दगडू जाऊन बेचाळीस पानांचं परिचयपत्र उरलंय.

पाचव्या संध्याकाळी पुस्तक संपलं. चर्चा अशी काही झाली नाही. तिथं कुणाला चर्चा करायची सवय नाही, आणि मलाही समारोपाचं भाषण द्यायचं नव्हतं. आजी म्हणाली, माझं बी लय हाय, पण मले लिवता येत नाही. वाचणारी पोरगी म्हणाली, “तू सांग ना आजी, मी लिवतो.” तिच्या बोलीत बाईमाणूसही ‘मी लिवतो’च म्हणतं. शंभर पानांची एक वही गावातल्याच दुकानातून आणली. पहिल्या पानावर काय लिहायचं यावर दोघींचं भांडण झालं. आजीला आधी नवऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं. मग पोरीनं विचारलं, तुझं नाव सांग. आजीनं माहेरचं नाव सांगितलं. ते वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं.

या अंकापासून आम्ही आठ पानं राखून ठेवतोय. वस्तीतल्या बायांनी सांगितलेलं, कुणीही लिहून घेतलेलं, कुठल्याही बोलीतलं त्यात येईल. झाडीबोली असो, पोवारी मिसळलेली असो, हिंदी असो, शुद्धलेखन आम्ही सुधारणार नाही. नाव नको असेल तर छापणार नाही, गावाचं नावही नाही. लिहून घेणाऱ्यानं मधे आपली अक्कल घालू नये. मजकूर सांगणारीला वाचून दाखवल्याशिवाय पाठवू नये. आणि कुणा कार्यकर्त्याबद्दल त्यात काही आलं तर संपादकांना फोन करून ‘तेवढं काढा’ असं सांगू नये. काढणार नाही.

नाकाडोंगरीत पुढचं वाचन ‘जिणं आमुचं’चं आहे. तारीख बायांनीच ठरवली, तेंदूचा हंगाम उरकल्यावर, कारण मे महिन्यात पहाटेच जंगलात जावं लागतं आणि संध्याकाळी पानांचे पुडके बांधायचे असतात. आमच्याकडं एकच प्रत आहे, तिचीही पानं सुटलीत. कुणाकडं दुसरी असेल तर पाठवा. परत मिळेल, पण तंबाखूचा वास लागलेली मिळेल.